ड्रॉइंग शाबूत आहे

माझ्याकडची रिमोटची विमानं, एक सोडलं तर, सगळी खोक्यातून आलेली आहेत. फोमची. खोकं उघडायचं, पंख सरकवून बसवायचे, चार स्क्रू आवळायचे, बॅटरी चार्ज करायची आणि संध्याकाळी मैदान गाठायचं. या विमानांना नाकं मुरडणारी मंडळी आमच्या हौशी गोतावळ्यात पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नाही. ही विमानं छान उडतात. घरी बांधलेल्या बऱ्याच विमानांपेक्षा सरळ उडतात, हे मान्य करायला काय हरकत आहे? फक्त त्यांचा-माझा व्यवहार दुकानात पैसे मोजले तिथंच पुरा झाला. उरलेल्या एका विमानाचा तसा झालेला नाही. ते मी विकत घेतलं नाही, बांधलंही नाही, आणि तरी माझ्याकडे जे काही आहे त्यात सगळ्यात जास्त देणं त्याच्याच नावावर आहे.

ते बांधलं फिटरकाकांनी. ओझरच्या टाउनशिपमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर ते राहायचे. त्यांना आडनाव होतं, पण ते पगाराच्या रजिस्टरात. कॉलनीत लहानथोर सगळे फिटरकाकाच म्हणायचे. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा मिगचा कारखाना 1964 साली ओझरला आला, त्याच्याभोवती ही वसाहत उठली. नाशिकपासून वीसेक किलोमीटर, आग्रा रोडवर. एका अंगाला द्राक्षांचे मांडव, दुसऱ्या अंगाला धावपट्टी. आम्हा पोरांना विमानाचं अप्रूप असं नव्हतंच. वर्गात बाई शिकवत असताना डोक्यावरून मिग गेलं की बाई वाक्य अर्धं सोडून खडू हातात धरून थांबायच्या आणि आवाज ओसरला की उरलेलं अर्धं पुरं करायच्या. कुणाला त्यात काही विशेष वाटत नसे.

मिग-21 इथं सुरुवातीला रशियाहून पेट्यांतून आलेले भाग जोडून उभं राहिलं आणि मग टप्प्याटप्प्यानं कच्च्या मालापासून इथंच घडू लागलं. काका आयटीआय करून कामाला लागले ते या पेट्यांच्या दिवसांत. त्यामुळे ‘तयार’ आणि ‘घडवलेलं’ हा फरक त्यांना पुस्तकातून समजला नव्हता, पाना हातात घेऊन समजला होता. एकदा मी त्यांना विचारलं, “काका, परदेशात विमानांची तयार किटं मिळतात म्हणे. तुम्ही एखादं मागवत का नाही?” ते रिब, म्हणजे पंखाच्या सांगाड्याची फासळी, घासत होते. मान वर न करता म्हणाले, “आठ तास रशियाच्या ड्रॉइंगवर काढतो रे. संध्याकाळी तरी माझ्या ड्रॉइंगवर काढू दे.”

त्यांचं टेबल म्हणजे व्हरांड्यात दोन ट्रंकांवर टाकलेलं एक जुनं दार. त्यावर सॉफ्टबोर्ड, सॉफ्टबोर्डवर ड्रॉइंग, ड्रॉइंगवर दुधाच्या पिशव्या कापून पसरलेलं प्लास्टिक, म्हणजे फेविकॉल कागदाला चिकटू नये. आणि त्यावर टाचण्यांनी रोवलेला विमानाचा सांगाडा. मी शाळेतून आलो की आधी तिथं डोकवायचो आणि मग घरी जायचो. आई म्हणायची, “दप्तर तरी ठेव.” काका कधीच ‘ये’ म्हणाले नाहीत आणि ‘जा’ही म्हणाले नाहीत. काही दिवसांनी हातात पॉलिश पेपरचा तुकडा दिला, एवढंच.

बाल्सा हे लाकूड मी त्या दारावर पहिल्यांदा पाहिलं. इक्वेडोरचं झाड, पाच-सात वर्षांत तोडणीला येतं, आणि लाकूड सागवानाच्या जेमतेम पाव वजनाचं. आपल्याकडे ते मिळायचं मुश्किलीनं आणि परवडायचं त्याहून मुश्किलीनं. काका एकेक शीट सोनाराच्या काट्यावर तोलायचे आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं ग्रॅम लिहायचे. मग ती उन्हाकडे धरून रेषा बघायचे. जड आणि ताठ असेल ती पंखाच्या आडव्या काठीसाठी, म्हणजे स्पारसाठी. हलकी आणि मऊ ती शेपटीकडे, कारण शेपटीत ग्रॅम वाढला की नाकात त्याच्या दुपटी-तिपटीनं शिसं घालावं लागतं. पंखाची टोकं तर बाल्साचीही नव्हती, भेंडाची होती. लग्नाची बाशिंगं करणाऱ्या एका माणसाकडून ते भेंड आणायचे. त्यानं एकदा विचारलं, “लग्न कुणाचं?” काका म्हणाले, “विमानाचं.” त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही.

रिब करायची त्यांची पद्धत मला अजून झोपेतही सांगता येईल. प्लायवूडच्या दोन रिब नेमक्या मापाच्या कापायच्या. त्यांच्यामध्ये बाल्साचे चौकोनी तुकडे घालून सगळा गठ्ठा दोन बोल्टांनी आवळायचा. मग ब्लेडनं कडा तासायच्या आणि पॉलिश पेपरनं घासत घासत प्लायवूडपर्यंत यायचं. बोल्ट सोडले की हातात एकाच आकाराच्या सगळ्या रिब. माझं काम घासण्याचं. प्लायवूड लागलं की पेपरचा आवाज बदलतो, तिथं थांबायचं. काका खोलीत चहा पीत असले तरी त्यांना तो आवाज कळायचा. “बास!” असं आतून ऐकू यायचं.

आधीची त्यांची विमानं रेडिओची नव्हती, तारांची होती. दोन पोलादी तारा हँडलला बांधलेल्या, माणूस मधे उभा आणि विमान त्याच्याभोवती गरगर. इंजिन कलकत्त्याचं, ऑरोरा डिझेल. त्याचं इंधन घरीच व्हायचं: रॉकेल, एरंडेल आणि ईथर, तिन्ही सारखी. रॉकेल रेशनचं, त्यामुळे काकूंची कुरकुर ठरलेली. एरंडेल वाण्याकडून. ईथर कुठून यायचं ते काकांनी कुणालाच सांगितलं नाही. स्पार्क नाही, बॅटरी नाही. वरचा आडवा दांडा फिरवून दाब कमी-जास्त करायचा आणि पंखा बोटानं उडवायचा. पंखा उलटा फिरून बोटावर बसला की डोळ्यांपुढे काजवे. काकांच्या उजव्या हाताच्या बोटांवर त्याच्या खुणा होत्या. कारखान्यात इतकी वर्षं काढून तिथली एकही नव्हती.

रेडिओचा सेट आला तो त्यांच्या कुवेतच्या मेहुण्याच्या बॅगेतून, ग्लो इंजिनासकट. चार चॅनेलचा, लांब अँटेनाचा. सेट विकतचा आहे याची काकांना सुरुवातीला थोडी टोचणी होती. पुढे कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं, की अमेरिकेत मिशिगनमधल्या गुड बंधूंनी 1930च्या दशकात विमानही स्वतः बांधलं आणि रेडिओही स्वतःच, आणि ते विमान आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. ते वाचून काका बराच वेळ गप्प होते. मग मेहुण्याच्या सेटकडे बघून म्हणाले, “असू दे. आपण विमानापुरते बघू.”

ते विमान म्हणजे हे माझ्याकडचं. पंख पाच फुटी, वरून ठेवायचा आणि रबरांनी बांधायचा, शिकाऊ माणसाला माफ करणारा. विमान काकांचं, असं मी वर म्हटलं खरं, पण ते अर्धं काकूंचं आहे. पंखावर मढवायला रेशीम परवडणारं नव्हतं, पतंगाचा कागद इंजिनाच्या तेलानं चिकट होऊन फाटायचा. नायलॉन चालतं हे काकांना ठाऊक होतं. काकूंकडे फिकट जांभळी नायलॉनची साडी होती, त्या काळातल्या फॅशनची. काकांनी मागितली नाही, फक्त दोन-तीनदा जेवताना नायलॉनचा विषय काढला. शेवटी काकूंनीच ती घडी टेबलावर आणून टाकली. “घ्या. मी नेसून कुठं जाते? निदान ती तरी जाईल वर.”

कापड ओलं करून सांगाड्यावर ओढायचं, कडांना डोप, म्हणजे कापड ताणून धरणारं लॅकर, लावून चिकटवायचं, मग वरून डोपचे हात द्यायचे. डोपचा वास केळीसारखा गोड आणि डोकं धरणारा. काकू दारं-खिडक्या उघडत फिरायच्या आणि आम्ही धूळ बसेल म्हणून लावत फिरायचो. वाळल्यावर काकांनी पंखावर टिचकी मारली तर ढोलकीच्या पुडीचा आवाज आला. पंख उन्हाकडे धरला की साडीतून एकेक रिब दिसायची, आणि त्यातल्या मी घासलेल्या मला ओळखू यायच्या. बिजागऱ्याही काकूंच्याच. शेपटीची हलणारी फळी मागच्या बाजूला दोऱ्यानं शिवायची असते, टाका एकदा वरून, एकदा खालून, म्हणजे इंग्रजी आठाच्या आकड्याचा. काकांचे टाके सैल पडायचे. काकूंनी गोधडीच्या दोऱ्यानं असे टाके घातले की ती फळी लोण्यातून हलावी तशी हलायची आणि फट मात्र दिसायची नाही.

धावपट्टीच्या जवळपास असले खेळ कोण करू देणार? म्हणून आम्ही सायकली मारत दिंडोरीच्या बाजूच्या माळावर जायचो. पंख काकांच्या पाठीला आडवा बांधलेला, मधलं धड माझ्या कॅरिअरवर. समोरून बैलगाडी आली की काका पंखासकट रस्त्याच्या कडेला उतरून उभे. तिथं पोचल्यावर त्यांचे सोपस्कार ठरलेले. पंखाच्या पुढच्या कडेपासून एक तृतीयांशावर दोन बोटं खाली लावून विमान तोलायचं. नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. शेपटी खाली गेली तर त्या दिवशी उड्डाण नाही.

रिमोटच्या विमानात शिकणाऱ्याची सगळी फजिती एकाच ठिकाणी होते. विमान लांब जात असताना तुमचं डावं तेच त्याचं डावं. ते वळून तुमच्याकडे यायला लागलं की सगळं उलटं. माणूस घाबरतो, स्टिक नेमकी चुकीच्या बाजूला जाते आणि संपलं. पुस्तकात यावर लांबलचक सांगितलेलं असतं. काकांनी एक वाक्य सांगितलं होतं: “समोर येताना जो पंख खाली दिसेल, त्याच्याखाली स्टिक ने. टेकू दे त्याला.” मी हेच वाक्य आजवर किती जणांना सांगितलं असेल! दरवेळी ऐकणाऱ्याचा चेहरा उजळतो आणि श्रेय मला मिळतं.

हल्ली शिकवणारा आणि शिकणारा यांचे सेट एकमेकांना जोडता येतात. शिकणाऱ्याचं चुकलं की शिकवणारा बटण सोडून ताबा घेतो. तेव्हा एकच सेट होता. काकांनी विमान उंच नेलं, सरळ केलं, गळ्यातला पट्टा काढून माझ्या गळ्यात घातला आणि म्हणाले, “धर.” दोन पावलं मागे सरकले. मी बारा-तेरा वर्षांचा होतो. वर जे चाललं होतं त्यात त्यांचा हिवाळा गेला होता, काकूंची साडी होती, मेहुण्याचं इंजिन होतं. त्यांनी हात खिशात घातले. कशासाठी, ते मी स्वतः पहिल्यांदा कुणाला सेट दिला तेव्हा कळलं. हात मोकळे असले की आपोआप पुढे येतात.

पुढच्या वर्षी ते विमान पडलं. त्या काळी सेटमध्ये क्रिस्टल असायचा, ज्याचा जो क्रिस्टल त्याची ती फ्रिक्वेन्सी. दोघांची एक झाली की वरच्या विमानाला दोन मालक. त्या दिवशी बाहेरगावाहून कुणी हौशी गृहस्थ माळावर आले होते. न विचारता त्यांनी आपला सेट चालू केला. आमचं विमान एकदा थरथरलं, उताणं झालं आणि शेजारच्या द्राक्षबागेत तारांवर पडलं. गोडी छाटणी होऊन कोवळी फूट आली होती. मालक धावत आला, आधी वेलींकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि मग त्या जांभळ्या चिंध्यांकडे बघून त्याला काय बोलावं ते सुचेना.

मी रडलो. काका रडले नाहीत, आणि हे मला तेव्हा फार लागलं. त्यांनी गोणपाट पसरलं, एकेक तुकडा वेचला, काडीसुद्धा सोडली नाही. तारेत अडकलेलं कापड हळूच सोडवलं. मालकाला नुकसान विचारलं, त्यानं सांगितलं तेवढे पैसे पुढच्या पगाराला नेऊन दिले. घरी येऊन दारावर पुन्हा तेच ड्रॉइंग पसरलं आणि प्रत्येक तुकडा त्याच्या जागेवर मांडला. शरीराचा पंचनामा चालावा तसं मला वाटत होतं. सगळं मांडून झाल्यावर म्हणाले, “ड्रॉइंग शाबूत आहे. चल, पॉलिश पेपर घे.”

जोडलेल्या लाकडाचे सांधे तिरपे करतात, म्हणजे चिकटायला जागा जास्त मिळते. आजही पंख उन्हाकडे धरला की ते तिरपे सांधे दिसतात. कापडावर साडीच्याच उरलेल्या तुकड्याचं ठिगळ आहे. त्याचा रंग मात्र जरा गडद, कारण तो ट्रंकेत होता आणि बाकीचा उन्हात.

हातानं विमानं बांधणारी माणसं मी पुढे बरीच पाहिली. त्यांतल्या कितीतरी जणांची विमानं भिंतीवर आहेत. वर्ष-वर्ष खपून बांधलेलं उडवायचा धीर होत नाही. एकदा वारा जास्त असतो, एकदा इंजिन नीट बोलत नाही, आणि मग पावसाळा येतो. त्यांना मी हसत नाही, माया अशीही असते. पण काकांची तशी नव्हती. ज्याला पुन्हा करता येतं तो मोडण्याला कमी भितो, असं मला त्यांच्याकडे बघून वाटायचं. खोक्यातलं विमान उडवणाऱ्याचं दुखणं वेगळं: कंपनीनं ते मॉडेल बंद केलं की सुटा पंख मिळत नाही आणि चांगलं धड अडगळीत जातं. ड्रॉइंग कंपनीकडे, आपल्याकडे फक्त बिल.

तरी तयार वस्तूला कमी लेखू नये. 1878 साली मिल्टन राइट यांनी आपल्या दोन धाकट्या मुलांसाठी एक खेळणं आणलं. बूच, बांबू आणि कागदाचं, रबराच्या पिळावर वर उडणारं, अल्फोन्स पेनो या फ्रेंच माणसाच्या रचनेवरून बनवलेलं. ते मोडल्यावर विल्बर आणि ऑरव्हिल यांनी तसंच दुसरं बनवलं, मग त्याहून मोठं, मग आणखी मोठं. मोठी काही उडेनात आणि का उडत नाहीत ते कळेना. त्या दोघांनी आपल्या विमानवेडाचं मूळ पुढे याच खेळण्यात सांगितलं. ते बापानं विकत आणलेलं होतं.

माझी लेक फोमच्या विमानावर शिकली. आत जायरो, वारा आला तरी विमान आपलं आपण सावरतं. मला जे शिकायला उन्हाळे लागले ते तिला काही आठवड्यांत आलं. नाक चेपलं तर ती ते उकळत्या पाण्यात बुडवते आणि फोम फुगून पूर्वीसारखा होतो. हे पाहिलं तेव्हा मी अवाक झालो होतो. पुढे ते नाक तुटलंच आणि तसलं धड बाजारातून गेलेलं. मग तिनं शाळेच्या प्रोजेक्टचा सनबोर्ड कापून नवं नाक बसवलं. दिसतं भयंकर. आता नवं विमान घेऊ म्हटलं तर “नको” म्हणते.

काका निवृत्त होऊन नाशिकला राहायला गेले. पुढे त्यांचा उजवा हात थरथरू लागला, ब्लेड धरणं बंद झालं. मी त्यांना दाखवायला एक फोमचं विमान नेलं होतं. जरा घाबरतच, म्हटलं आता काय बोलणी खावी लागतात. त्यांनी ते मांडीवर घेतलं, उलटं केलं, पंखाखालची साच्याची शिवण अंगठ्यानं चाचपली, कडा पाहिल्या, जिथं दोन भाग बसतात तिथली फट डोळ्याजवळ नेऊन पाहिली. म्हणाले, “साचा कुणी केलाय रे? झकास केलाय.” मी म्हटलं, “काका, हे बांधलेलं नाही, तयार आहे.” ते माझ्याकडे असे बघत राहिले, की शाळेत असतो तर मी अंगठे धरून उभा राहिलो असतो. “बांधलेलंच आहे. एकदाच बांधलंय, एवढंच. साचा करणाराही फिटरच असणार.”

त्याच भेटीत त्यांनी कपाटावरून जांभळं विमान काढायला लावलं. बरोबर ड्रॉइंगची गुंडाळी दिली, कडा फेविकॉलनं पिवळ्या पडलेली. मी नको-नको म्हणत होतो. “इथं धूळ खातंय. तू उडव. पडलं तर कागद आहे.” काकू आतून म्हणाल्या, “आणि साडीचे पैसे कोण देणार?” त्यावर्षी दिवाळीला मी त्यांना पैठणी नेली. त्यांनी काठ पाहिला, पदर पाहिला, हातात तोलून पाहिली. “छान आहे. पण ही काही उडायची नाही.”

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. विमानातलं ग्लो इंजिन मी काढलं. मिथेनॉल मिळवणं हे एक प्रकरणच झालं आहे, म्हणून आत मोटार आणि लिथियमची बॅटरी बसवली. वजन बदललं तेव्हा पंखाखाली दोन बोटं लावून पुन्हा तोललं, बॅटरी पार नाकापर्यंत सारली. मैदानावर नवी पोरं म्हणतात, “सर, हे उडवू नका, काचेत ठेवा.” मी वारा बघतो आणि उडवतो. त्यांच्यातल्या एकाच्या गळ्यात परवा पट्टाही घातला आणि हात खिशात घातले.

काकू थोरल्या मुलाकडे असतात, नाशिकलाच. विमान उडवलं की मी त्यांच्या नातवाच्या फोनवर फोटो पाठवतो, हा शिरस्ता आहे. गेल्या खेपेला पाठवला तर अर्ध्या तासात काकूंचा फोन. मला वाटलं, कौतुक करतील.

“अरे, शेपटीचा डावीकडचा टाका उसवलाय. तुला दिसत नाही का? असंच उडवलंस? रविवारी घेऊन ये इकडे. आणि येताना दोरा आण गोधडीचा, पांढरा. इथल्या दुकानात सगळे ते पॉलिस्टरचे ठेवतात, गाठ बसत नाही त्यांची.”